प्रति, श्री. किसन दगडू फरतडे

साहेबराव फरतड्यांची वाचा गेली ती दाढी करता करता. एका गालाला साबण तसाच होता, वस्तरा बेसिनमध्ये पडलेला होता, आणि सुमनताई विचारत होत्या, "अहो, काय होतंय?" तर त्यांच्या तोंडून नुसता हुंकार येत होता. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अकरा दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हात वाचला. पाय थोडा ओढतील. बोलणं मात्र किती परत येईल, ते आत्ता सांगता येत नाही."

बोलणं परत आलं नाही.

एकाहत्तर वर्षांचे साहेबराव मूळचे करमाळ्याकडचे. भोसरीतल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं टायपिस्ट म्हणून काढली. आधी टाइपरायटर, मग कंपनीने घेतलेला पहिला कॉम्प्युटर. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही. बोलायचे कमी, पण त्यांच्या कागदावर खाडाखोड कधी दिसायची नाही. अशा माणसाला आता पाणी मागता येईना. खूण करायला जात, ती चुकत असे. सुमनताई पाण्याऐवजी टॉवेल आणून देत. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

रुपाली त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांना अण्णा म्हणायची. हिंजवडीत कामाला आणि ताथवड्याला सासर. आठवड्यातले तीन दिवस घरून काम असायचं, ते ती चिंचवडला आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये येऊन करू लागली. तिने अण्णांपुढे मोबाइल धरून पाहिला, मुळाक्षरांचा तक्ता धरून पाहिला. तक्ता त्यांनी हाताने बाजूला सारला. मग एकदा तिने स्वतःचा लॅपटॉप पुढे ठेवला. अण्णांनी दोन्ही हात उचलले, बोटं बरोबर जागेवर ठेवली. पण त्या सपाट, गुळगुळीत बटणांवर बोटं घसरली. कुठेतरी तीन-चार अक्षरं उमटली, अर्थ नसलेली. अण्णांनी हात मांडीवर घेतले.

"तसल्यावर कसं जमेल त्यांना?" सुमनताई दारातून म्हणाल्या. "त्यांचा तो माळ्यावर आहे की. ऑफिसातून आणलेला."

कंपनीने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा अण्णांनी आपला कीबोर्ड मागून घेतला होता. रुपालीने स्टूल घेऊन तो खाली काढला. चादरीत गुंडाळलेला, पाटा उचलावा तसा जड. बटणं पिवळी पडलेली, मधल्या ओळीतल्यांवरची अक्षरं पुसून गेलेली. दाबलं की प्रत्येक बटण खटकन वाजायचं. आत पलंगावर अण्णांनी तो आवाज ऐकला आणि मान वळवली. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपण होऊन मान वळवली होती.

पण त्याच्या वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढी जाड, गोल पिन होती, आत पाच काड्या. रुपालीच्या कॉम्प्युटरला असलं काही बसायला भोकच नव्हतं. तिने ऑनलाइन शोधून दोन जोडण्या मागवल्या, एकीत दुसरी खुपसली आणि शेवटची यूएसबीत घातली. तिच्या मशीनवर लिनक्स होतं. काहीही जोडलं की त्याची नोंद लगेच पडद्यावर यायची. या वेळी एक ओळसुद्धा आली नाही. जणू काही जोडलंच नव्हतं.

तीन दिवस ती हे खटाटोप करत राहिली. शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी पिंपरीतल्या मीरासाहेबांचं नाव सांगितलं. भोसरी-चाकणच्या छोट्या वर्कशॉपमधली जुनी मशीनं दुरुस्त करणारा माणूस. त्या मशीनना अजून असलेच कीबोर्ड असतात.

मीरासाहेब साठीचे होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी कीबोर्ड उलटा केला, पिन पाहिली, आणि रुपालीने आणलेल्या जोडण्या तिच्याच हातात परत दिल्या.

"ताई, ही नुसती तार आहे. तारेला तार लावली. हा बोलतो जुनी बोली, तुमचं मशीन बोलतं नवी. मध्ये दुभाषी पाहिजे, चिपवाला."

त्यांनी खणातून नखाएवढी चिप असलेली एक पट्टी काढली, डाग देऊन जोडली. कीबोर्डवरचे तिन्ही दिवे लागले आणि विझले. पुन्हा लागले, पुन्हा विझले. रुपालीने आपल्या लॅपटॉपवर पाहिलं. नोंद होत होती: जोडला, तुटला, जोडला, तुटला.

"भूक जास्त आहे याला," मीरासाहेब म्हणाले. "जुनं खाणं. तुमच्या लॅपटॉपमधून मिळतो तेवढा करंट पुरत नाही." त्यांनी मध्ये स्वतःच्या वेगळ्या प्लगवर चालणारा एक हब लावला. दिवे लागले ते लागलेच राहिले. "कुणाचा आहे हा?"

"वडिलांचा. त्यांना बोलता येत नाही आता."

मीरासाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग ब्रश आणि स्पिरिट काढून एकेक बटण उपटून त्यांनी आतली सगळी धूळ साफ करून दिली. त्याला दीड तास लागला. त्या वेळात त्यांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

घरी आल्यावर रुपालीने खिडकीपाशी टेबल लावलं. लिनक्समध्ये मराठीची जुनी टाइपरायटरची मांडणी होतीच, ती चालू केली. अक्षरं मोठी केली. अण्णांना धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी कीबोर्डच्या कडेवरून हात फिरवला. मग पाठ ताठ केली. ही पाठ रुपालीने लहानपणी ऑफिसात डबा द्यायला गेल्यावर पाहिली होती.

खट खट खट. उजवा हात थोडा मागे पडत होता, पण चुकत नव्हता. पडद्यावर आलं: प्रति. मग स्वल्पविराम. खालच्या ओळीत श्री. मग एक पहिली वेलांटी आली, नुसतीच, एकटी, कारण टाइपरायटरवर वेलांटी आधी मारायची असते. मग तिला क येऊन भेटला.

प्रति,
श्री. किसन दगडू फरतडे,
प्रेस शॉप.

"आई!" रुपाली ओरडली. "आई, अण्णा लिहितायत! काकांना पत्र लिहितायत!"

सुमनताई पिठाच्या हाताने धावत आल्या. अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर कीबोर्डच्या डाव्या बाजूला, जिथे पूर्वी मजकुराचा कागद लावलेला असायचा तिथे होती.

महोदय,
आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की, कंपनीच्या सध्याच्या परिस्थितीमुळे आपली सेवा दि. १४ जूनपासून संपुष्टात आणण्यात येत आहे. तरी आपण आपले ओळखपत्र व हत्यारे संबंधित विभागाकडे जमा करावीत.
आपला विश्वासू,

चार ओळी मोकळ्या सोडल्या. मग डाव्या कोपऱ्यात, लहानसं: सा.द.फ.

अण्णांनी हात खाली घेतले. क्षणभराने पुन्हा वर घेतले आणि सुरू केलं: प्रति.

रुपालीला काही समजेना. तिने आईकडे पाहिलं. सुमनताई पदराने पीठ पुसत होत्या, आणि हात स्वच्छ झाले तरी पुसतच होत्या.

किसनकाकांबद्दल रुपालीला एवढंच माहीत होतं, की ते अण्णांचे धाकटे भाऊ, पूर्वी दर शनिवारी जेवायला यायचे, तिला खांद्यावर घेऊन जिना चढायचे, आणि ती तेरा वर्षांची असताना यायचे बंद झाले. कंपनीतून काढल्याचा राग धरलाय, असं घरात सांगितलं जायचं.

त्या दुपारी सुमनताईंनी उरलेलं सांगितलं. किसनला गावाहून आणून कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशीनवर, चिकटवलं ते अण्णांनीच. नव्व्याण्णव साली युनियनची भांडणं झाली आणि त्रेचाळीस माणसांना काढायचं ठरलं. कंपनीच्या साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये बसवून ती सगळी पत्रं टाइप करून घेतली आणि बजावलं, एक शब्द बाहेर गेला तर चव्वेचाळिसावं पत्र तुमचं. त्याच दिवशी दुपारी, शनिवारच्या नेमाप्रमाणे, किसन जेवायला आला.

"मी वाढत होते," सुमनताई म्हणाल्या. "किसनभावजींनी विचारलं, दादा, यादी निघाली म्हणतात, माझं नाव आहे का रे? बायकोपोरांना गावाहून आणायचं चाललंय, मोशीत खोली बघितलीय. नाव असंल तर आत्ताच सांग, मी आणत न्हाई. आणि हे म्हणाले, नाही रे, तुझं कशाला असेल. आण बिनघोर."

"मग?"

"मग काय. रविवारी बायकोपोरं आली. सोमवारी गेटवर पत्र मिळालं. खाली कोपऱ्यात यांच्या नावाची अक्षरं. टाइप करणाऱ्यानं घालायचीच असतात ती."

त्यानंतरचे दिवस रुपालीने पुष्कळ प्रयत्न केले. "अण्णा, चहा हवा का, असं लिहा बरं." प्रति, श्री. किसन दगडू फरतडे. "अण्णा, माझं नाव लिहा." ते तिच्याकडे बघत, डोळ्यांत ओळख असे, ओठ हलत, आणि हात कीबोर्डवर गेले की तेच पत्र. पुढे पुढे ते 'कळविण्यात येते की' याच्यापाशी थांबू लागले. बोटं वरच्या वर थरथरत राहायची. कधी ते एक शब्द मागे खोडत, पुन्हा पुढे जाऊ बघत. दुसरंच काही लिहायचं असावं त्यांना. पण बोटांना ठाऊक असलेली वाट एकच होती. ती धरून बोटं पुढे धावायची, आणि पत्र पुरं झालं की अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

काकांचा नंबर आईकडे होता. गावच्या कुठल्याशा लग्नात घेतलेला, कधी न लावलेला. रुपालीनेही तो लावला नाही. पत्ता काढून ती सरळ चाकणला गेली.

चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या एका गोदामाच्या गेटवर किसनकाका वॉचमन होते. त्रेसष्ट वर्षांचे, निळा शर्ट, कमरेला दोरीने बांधलेला पेन. ट्रकचा नंबर लिहून घेताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"कुनाकडं जायचंय?"

"काका, मी रुपाली. साहेबरावांची."

त्यांनी ट्रकवाल्याला हात करून आत सोडलं. गेट लावलं. मग विचारलं, "गेला का?"

"नाही. पण बोलता येत नाही त्यांना. पॅरालिसिसचा झटका आला होता."

"मग माझ्याकडं काय काम?"

तिने सगळं सांगितलं. कीबोर्ड, मीरासाहेब, पत्र. काका केबिनच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होते. तिने मोबाइलवर काढलेला फोटो पुढे केला. त्यांनी हातात घेतला नाही, पण वाचला.

"पोरी, पत्र टाइप केलं त्याचा राग न्हाई मला. त्यानं न्हाई तर दुसऱ्यानं केलं असतं. पोटासाठी माणूस करतो. पन मी तोंडावर इचारलं व्हतं. त्याचा हात भाकरीवर व्हता. तुझी काकू आली, आठ दिवसांत परत गेली. म्हनाली, मला हसं करून घ्यायला आनलं का हितं. ती पुन्यात कधी आली न्हाई परत. मी हितं, ती तिकडं. पोरं मोठी झाली, मला पाव्हन्यासारखं बघत्यात."

"ते पत्राच्या मध्ये थांबतात, काका. त्यांना दुसरं काहीतरी लिहायचं असतं. मला वाटतं तुम्हाला."

"काय?"

"ते नाही सांगता येत त्यांना."

एक ट्रक येऊन हॉर्न वाजवत होता. काका उठले. तिच्याकडे पाठ करून म्हणाले, "रविवारी सुट्टी हाय मला."

रविवारी दुपारी ते आले. चपला दारात काढून, टोपी हातात घेऊन, अनोळखी घरी यावं तसे उभे राहिले. सुमनताईंनी "या भावजी" म्हटलं. अण्णा खिडकीपाशी खुर्चीत होते. भावाला पाहिल्याबरोबर त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, असा, की रुपालीने तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. आणि त्यांनी घाईघाईने कीबोर्डकडे हात नेले.

"अण्णा, राहू द्या," रुपाली म्हणाली.

"लिहू दे त्याला," काका म्हणाले.

ते भावाच्या खुर्चीमागे उभे राहिले. खट खट खट. प्रति. श्री. किसन. दगडू. फरतडे. महोदय. आपणांस या पत्राद्वारे कळविण्यात येते की.

अण्णा थांबले. बोटं वर. मान वळवून त्यांनी भावाकडे पाहिलं. काका वाट बघत होते. सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात, रुपाली टेबलाच्या कडेला, सगळे वाट बघत होते. अण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी ओठ घट्ट मिटले, एक बटण दाबलं, खोडलं, दुसरं दाबलं, खोडलं.

मग बोटं खाली आली आणि उरलेलं पत्र सरसर लिहून गेली. संपुष्टात. ओळखपत्र. हत्यारे. आपला विश्वासू. सा.द.फ.

काकांनी शेवटपर्यंत वाचलं.

"एक अक्षर चुकला न्हाईस, दादा," ते म्हणाले, आणि टोपी घालून निघाले.

रुपाली जिन्यापर्यंत मागे धावली. काका कठड्याला धरून उभे होते.

"मला वाटायचं, इसरला असंल," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं तोच राग व्हता बघ. मी हितं कुढतोय आन त्यो इसरून गेला असंल. त्यो तर..." त्यांनी तोंड पुसलं. "जा तू वर. बस त्याच्यापाशी."

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. अण्णा सकाळपासून दाराकडे तोंड करून बसायचे. रुपालीने शेवटी फोन लावला.

"यावंसं वाटतं गं," काका म्हणाले. "पन मला ते पत्र पुन्यांदा वाचवत न्हाई. एकदा गेटवर वाचलं, एकदा तुझ्या घरात. आता बास."

रुपालीने फोन ठेवला. अण्णांच्या जवळ उरलेली अक्षरं तेवढीच होती, आणि तीच भावाला दारापासून परत फिरवत होती. तिने आईला विचारलं, कीबोर्ड काढून ठेवू का.

"काढू नको," सुमनताई म्हणाल्या. "तेवढंच आहे त्यांच्याकडे."

"काढला नाही तर काका येणार नाहीत."

"मग तू ठरव. मला विचारू नकोस."

शनिवारी सकाळी तिने हब बंद केला. तिन्ही दिवे विझले. वायर गुंडाळून कीबोर्ड तिने चादरीत बांधला. अण्णा बघत होते. त्यांनी अडवलं नाही, हात पुढे केला नाही. फक्त बघत राहिले, आणि तेच तिला सोसवेना. "अण्णा, काका यावेत म्हणून," ती म्हणाली. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. ते दिवसभर जेवले नाहीत.

रविवारी काका आले. रिकामं टेबल त्यांना दिसलं. स्टूल ओढून भावाच्या जवळ बसले आणि गावाकडचं सांगू लागले. त्यांच्या वडिलांनी, दगडूतात्यांनी, लावलेलं चिंचेचं झाड रस्त्यात गेलं. थोरल्या पोराला मुलगी झाली. विहिरीवरची मोटर परत जळाली. अण्णा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या शालीवर आले आणि बोटं हलू लागली. आवाज नव्हता, उमटत काही नव्हतं, पण रुपालीला आता ती चाल पाठ झाली होती. प्रति. श्री. मग वेलांटी, मग क.

काकांचं बोलणं मध्येच थांबलं. ते त्या बोटांकडे बघत होते. पत्राच्या मध्यावर येऊन बोटं थांबली, तिथेच थरथरत राहिली.

"लिही," काका म्हणाले. "लिही तुला काय लिहायचंय ते. मला दिसत न्हाई आता. जे लिहिशील ते मी खरं धरीन."

अण्णांची बोटं शालीवर पुष्कळ वेळ हलत राहिली. आधीच्या चालीनेच, की काही वेगळी, हे रुपालीला ओळखता आलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सुमनताईंनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

त्यानंतर काका चार रविवार आले. पाचव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, अण्णांना दुसरा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. रुपालीने गेटवर फोन केला. काकांनी पलीकडून एवढंच विचारलं, "हात कुठं व्हते त्याचे?"

"माझ्या हातात," ती म्हणाली.

"बरं," काका म्हणाले. "येतो मी. माझ्याबिगर उचलू नका त्याला."